मिठातल्या कॅसेटी

तुळशीरामने कॅसेटचे पाच स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं आणि खालचा अर्धा भाग काउंटरवरच्या वर्तमानपत्रावर हलकेच आपटला. पांढरे, चौकोनी कण सांडले.

"मॅडम, तुम्ही केमिस्ट्रीच्या. हे काय ते तुम्हीच सांगा."

भावनाने एक कण बोटाच्या टोकाला चिकटवून उजेडात धरला. कडा झिजल्या होत्या, पण आकार लपत नव्हता. ज्युनियर कॉलेजातल्या मुलांना गेली बावीस वर्षं ती हे स्फटिक भिंगाखाली दाखवत आली होती.

"मीठ," ती म्हणाली.

"मीठ! मीही तेच म्हणतोय. चाळीस वर्षं काढली या धंद्यात. कॅसेटीत बुरशी बघितली, झुरळाची अंडी बघितली, एकाच्या मुंजीच्या कॅसेटीत तर पाल वाळून बसलेली. मीठ पहिल्यांदा बघतोय. लोणचं घातलं होतं काय तुमच्याकडे कॅसेटींचं?"

तो एकटाच हसला. मग चष्मा पुसत बसला. पनवेलच्या बाजारात, कापडाच्या दोन दुकानांमधल्या अरुंद जागेत त्याचा स्टुडिओ होता. आता पासपोर्टचे फोटोच जास्त निघत, पण मागच्या फळीवर त्याने दोन जुने व्हीसीआर जिवंत ठेवले होते. कॅसेटवरून डीव्हीडी करून देणारा आसपास आता तोच उरला होता.

"लग्नाची कॅसेट गेलीच समजा," तो म्हणाला. "फीत एकमेकीला चिकटून दगड झालीय. हळदीची मात्र मी चालवली. दुसऱ्या खोक्यात घातली, हाताने फिरवून फिरवून स्पिरिटनं पुसली. चार दिवस गेले तिच्यात. बेचाळीस मिनिटं निघालीत. मधेमधे मुंग्या येतात, पण माणसं ओळखू येतात."

"आणि आवाज?"

तुळशीरामने वीतभर फीत ओढून दोन्ही हातांत ताणून धरली, एखाद्या शिंप्याने नाडी दाखवावी तशी.

"हे बघा. चित्र असतं या मधल्या भागात. आवाज असतो वरच्या काठाला. एवढीशी पट्टी, मिलिमीटरभर. तुमच्या कॅसेटी मिठात पालथ्या ठेवलेल्या असणार. वरचा काठ मिठानं खाल्लाय. मशीनमधून गेली तेव्हा काठ सुटून हेडवर आला." त्याने कापसाचा बोळा दाखवला. त्यावर तपकिरी डाग होता. "हे असं. सात वेळा हेड पुसलं."

"परत एकदा चालवून बघता आलं तर?"

"परत चालवायला काठ तर राहिला पाहिजे ना, मॅडम."

तिला हे कळत होतं. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि जे काही लिहिलेलं असतं ते त्या थरातच असतं. अंकुशदादाचा आवाज म्हणजे हाच भुगा. बोलता बोलता तुळशीरामने तो बोळा पायाशी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि डीव्हीडी कागदी पाकिटात घालून तिच्यासमोर सरकवली. पाकिटावर त्याने सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'अंकुश – दिपा, हळद, एप्रिल १९९६'.

ती पाकीट घेऊन तशीच उभी राहिली. नजर सारखी त्या डब्याकडे जात होती. मग वर्तमानपत्रावरच्या मिठाकडे गेली, आणि सत्तावीस वर्षं मनात कुठे होतं कोण जाणे, ते सगळं समोर येऊन उभं राहिलं.

मे महिना, १९९८. दादाला दर्याने नेलं त्याला आठ महिने झालेले. पावसाळ्याच्या बेगमीची घाई होती. आई ओट्यावर सुक्या मासळीचं पिंप घासून पुसून, जाडं मीठ भरत बसलेली. दादाची कीर्ती पाळण्यात, चार महिन्यांची. आणि भावना बारावीची परीक्षा देऊन प्रवेशपरीक्षेची गणितं सोडवत भिंतीला टेकलेली.

"गो भावना, मीठ ओल ओढतं ना?"

"ओढतं."

"मंग कॅसेटी मिठात घातल्या तर बुरा नाय ना लागनार पावसात?"

"नाही लागणार. मीठ शोषून घेतं सगळं."

वहीतून मानदेखील वर केली नव्हती तिने. कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या भांड्याच्या तळाशी पांढरे खडे असत आणि त्यांच्यावर जाळीत कोरडी ठेवायची रसायनं. तिच्या डोक्यात ते भांडं होतं. ते खडे मिठाचे नव्हते. मीठ, त्यातून मिठागरातलं जाडं मीठ, कोकणातल्या पावसाळी हवेत ओल ओढतं ते स्वतःच पाझरू लागेपर्यंत. आता ती दर जुलैला काचेच्या बशीत मीठ ठेवून मुलांना दाखवायची. दुसऱ्या दिवशी बशीत पाणी असायचं. मुलांना ते फार आवडायचं.

"मॅडम, बरं वाटत नाही का? पाणी आणू?"

"नको," ती म्हणाली आणि रिक्षाकडे चालू लागली.

*

करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये सगळे तिची वाट बघत होते. दार कीर्तीने उघडलं आणि चपला काढायच्या आतच पाकीट तिच्या हातातून घेतलं.

"आली? आत्या, दे. मी ऑफिसमधून ड्राइव्ह आणलाय, सगळं जोडून ठेवलंय."

"कीर्ती, थांब जरा. मला आधी—"

पण कीर्ती टीव्हीपाशी पोचलीदेखील होती. सत्तावीस वर्षांची मुलगी सात वर्षांच्या पोरीसारखी गुडघ्यांवर बसून वायरी खुपसत होती. आठ दिवसांवर तिची हळद आली होती. त्यांच्यात दर्यात गेलेल्या माणसाला लग्नाचं आवतण वेगळं द्यायचं असतं. बंदराच्या टोकाला उभं राहून, नावानं हाक मारून. गेल्या रविवारी कीर्तीने ते दिलं होतं. जन्माआधी चार महिने गेलेल्या बापाला पहिल्यांदा मोठ्यानं हाक मारताना तिचा आवाज फाटला होता. आणि परत येताना गाडीत ती म्हणाली होती, "आवतण दिलं की समोरच्यानं ओ द्यायला नको? हळदीला मी त्यांचा आवाज लावणार. गातात ना त्या कॅसेटमध्ये?"

गातो तर. अंकुशचा गळा अख्ख्या बंदरावर माहीत होता.

"आली का बाय?" भावनाचे वडील काशिराम खुर्चीतूनच म्हणाले. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले होते, त्याला सहा वर्षं झाली. त्यांनी खुर्ची टीव्हीला इतकी खेटून लावून घेतली होती की कान पडद्याच्या कडेला टेकत होता. अंगात धुतलेला पांढरा सदरा होता. "आनलास का माझा पोर?"

"आणला, बाबा."

"बघा. सगल्यांनी नुसत्या बाता मारल्या. बाय माझी गेली नि घेऊन आली." त्यांनी मान सोफ्याकडे वळवली. "कल्पेश, तू बस हितं. लांब नको बसू. तुजा भाऊस हाय."

"बसलोय," कल्पेश म्हणाला. तो पोर्टातल्या यार्डात होता आणि आज रजा घेऊन आला होता. सोफ्याच्या टोकाला, दाराजवळ, गाडीची किल्ली हातात धरून तो बसला होता.

दिपावहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. सकाळचा मच्छीबाजार आटपून, आंघोळ करून तिने हिरवी साडी नेसली होती आणि केसांत अबोलीचा गजरा माळला होता. गजरा भावनाने बघितला. कल्पेशनेही बघितला असावा.

"जेवून घेऊया का आधी?" भावना म्हणाली. "वहिनी, मला जरा बोलायचंय—"

"कोलीम केलाय तुज्यासाठी. नंतर जेव," दिपा म्हणाली. "सत्तावीस वर्सं थांबले, आता पाच मिंटं नाय थांबवत."

पडदा निळा झाला, मग मुंग्या आल्या, आणि मुंग्यांतून मांडव वर आला. पताका, केळीचे खांब, ट्यूबलाइटी. चित्र मधेच आडवं फाटायचं आणि पुन्हा जुळायचं. बायका गोल बसून काहीतरी कुटत होत्या आणि त्यांची तोंडं हलत होती.

"बोल ना," काशिराम म्हणाले. "काय दिसतंय ते बोल ना पोरी."

"मांडव आहे, आजोबा. बायका बसल्यात. गातायत वाटतं. आणि ही... आजी! आजी आहे! केस अजिबात पिकलेले नाहीत."

"शांतीचं सांगू नको, माझ्या डोल्यासमोर हाय ती. आवाज कर."

कीर्तीने आवाज वाढवला. टीव्हीतून नुसतं सूं करत वारं आलं. तिने शेवटपर्यंत वाढवला. वारं मोठं झालं.

"बायर निघाले बग," दिपा एकदम म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला.

अंकुश मांडवात आला होता. बनियन, लुंगी, अंगभर हळद. पंचवीस वर्षांचा. दोन मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं, तो वाकून कोणाची तरी टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर ठेवत होता, आणि मग त्याने एक हात कानावर ठेवला, छाती भरून घेतली आणि तोंड उघडलं.

तोंड उघडलेलंच राहिलं. मान डोलत होती, गळ्याची शीर फुगलेली दिसत होती. सगळा मांडव त्याच्याकडे बघून टाळ्या देत होता. खोलीत सूं सूं वाजत होतं.

"वायर सुटलीय," कीर्ती कल्पेशला म्हणाली. "पप्पा, जरा ती मागची बघा ना, लाल-पांढरी—"

"कीर्ती, वायर नाही सुटलेली." भावनाने वर्गात बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. नाहीतर जमलं नसतं. "डीव्हीडीवर आवाज नाही. फितीवरच राहिलेला नव्हता. चित्र आणि आवाज वेगवेगळ्या जागी असतात. आवाजाची पट्टी काठावर असते. तेवढी गेलीय. दुकानदाराने सगळं करून बघितलं."

"सगळी?"

"सगळी."

"एवढंसुद्धा नाही? एक शब्द?"

"नाही."

कीर्तीने रिमोट दाबला. अंकुश तोंड उघडं ठेवून थांबला.

त्या क्षणी भावनाची नजर सहज कल्पेशकडे गेली आणि जायला नको होती असं तिला नंतर वाटलं. किल्ली धरलेली त्याची मूठ सुटली होती. खांदे खाली आले होते, दिवसभराचं ओझं उतरवल्यासारखे. सत्तावीस वर्षं ज्या पोरीला त्याने शाळेत सोडलं, जिच्या तापात उशाशी बसून रात्री काढल्या, ती आज दुसऱ्याच्या आवाजासाठी गुडघ्यांवर बसली होती, आणि तो आवाज येणार नव्हता.

दिपानेही बघितलं होतं.

"बरा वाटला ना तुला?" ती म्हणाली.

अंकुशची बायको होती तेव्हा ती या दिराला अरे-तुरे करायची. त्याच्याशी पाट लागला त्या दिवसापासून तिने चारचौघांत त्याला 'तुमी' सोडून हाक मारली नव्हती. ते 'तू' ऐकून कल्पेशचा चेहरा उतरला.

"काय बोलतेस? मला का बरं वाटेल?"

"बघितला मी. कॅसेटी कुठं सापडल्या तुला, त्या दिवशी?"

"सांगितलं ना. गावच्या घरात. पिंपात."

"पिंपात काय होतं?"

"काय असनार? जुनं पिंप..."

"मीठ होतं," भावना म्हणाली.

कल्पेशने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी होती. पण आता उशीर झाला होता.

"होतं मीठ," तो शेवटी म्हणाला. "गळ्यापर्यंत. दगड झालेलं. कोयत्यानं फोडून काढल्या मी. पुसून आनल्या. बोललो नाय कोनाला, म्हटलं कशाला उगाच. आई गेली, वर्ष पन नाय झालं."

"म्हंजे तुला पन तेच वाटला," दिपा म्हणाली. "मला वाटतंय तेच."

"काय वाटतंय?" काशिराम म्हणाले. त्यांचा चेहरा बोलणाऱ्याकडे वळत होता, प्रत्येक वेळी जरा उशिरानं. "काय मीठ? नीट बोला कोनतरी."

"तुमच्या बायकोनं तुमचा पोर मिठात पुरला, मामा! नीट बोलते." दिपाने गजरा ओढून काढला आणि टेबलावर टाकला. "मी रोज विचारायची. आत्याबाय, कॅसेटी कुठं हायत? म्हनायची, असतील कुठं तरी. मंग कल्पेशसंगती पाट लावला, नि मला म्हनाली, आता मागचा काय बघायचा नाय, दिपा, पुढं बघ. मी म्हटला बरोबर हाय. पावसात वाहून गेल्या असतील म्हटला. आनि तिनं? माशासारखं मीठ लावून ठेवलंन! खारवून टाकलंन! मी त्याचं नाव काढू नये म्हनून. पोरीनं ऐकू नये म्हनून."

"आईला नको बोलू," कल्पेश म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

"का नको? तुज्यासाठीच केलंन तिनं. राहिलेला पोर वाचवायला."

"मम्मी, बस." कीर्ती उठून कल्पेशच्या बाजूला सोफ्यावर बसली. "पप्पांना नको बोलू. त्यांनी काय केलं? शोधून तर त्यांनीच आणल्या." मग जरा थांबून, कोणाकडे न बघता ती म्हणाली, "आजीनं असं का केलं पण? मला ती रोज रात्री बाबांच्या गोष्टी सांगायची. खोटं खोटं सांगायची का मग?"

भावना सगळ्यांकडे बघत होती. आई गेल्यापासून या घरात एक गोष्ट पक्की राहिली होती, आईबद्दलची माया. ती आता तिच्या डोळ्यांसमोर गळत होती. दिपाला राग धरायला माणूस मिळालं होतं आणि ते माणूस उत्तर द्यायला नव्हतं. कल्पेशनेही मनातल्या मनात आईला दोषी ठरवून, वरून झाकण घातलं होतं. भावना गप्प बसली तर हे असंच राहील. कोणाला कधी कळणार नाही. ओट्यावर त्या दुपारी दोघीच होत्या, आणि एक पाळण्यातली पोर.

"आईनं मला विचारलं होतं," ती म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. तिने पुन्हा सांगितलं.

"आईनं मिठात घालायच्या आधी मला विचारलं होतं. मीठ ओल ओढतं का, कॅसेटींना बुरा लागेल का. मी सांगितलं, नाही लागणार. मी गणितं करत होते. मला धड माहीत नव्हतं, पण मी सांगितलं." तिचा आवाज सरळ निघाला आणि तेच तिला भयंकर वाटलं. "तिला त्या टिकवायच्या होत्या. आणखी एक म्हणाली होती. पोर मोठी झाली की तिच्या हळदीला काढू. आज दुकानात आठवलं मला. सगळं आठवलं."

खाली कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती आणि तो किक मारत राहिला होता.

"तू शिकलेली होतीस गो," दिपा म्हणाली. आवाजातली धार गेली होती, आणि ती असती तर बरं झालं असतं. "आमी सगली अडानी. घरात एक तूच शिकलेली. तुला विचारल्याबिगर ती औषदाची गोली पन घ्यायची नाय."

"हो."

"तुला बगायचा तरी होता. मान वर करून."

"हो, वहिनी."

दिपाने टेबलावरचा गजरा पुन्हा हातात घेतला. फुलं चुरगळली होती. ती एकेक सरळ करत बसली. सासूवर केलेला राग परत कसा घ्यायचा हे तिला कळत नसावं, आणि नणंदेवर तो कसा टाकायचा हेही.

"म्हंजे शांती ठेवतच होती," काशिराम सावकाश म्हणाले. "फेकत नव्हती."

"ठेवत होती, बाबा."

"जाता जाता पन सांगितलंन असतं की. कुठं ठेवल्यात ते."

"तिला शेवटी बोलता कुठं येत होतं, बाबा," कल्पेश म्हणाला. "पिंप, पिंप करायची. आमाला वाटलं तिला सुकी मासली खायची हाय. मी बाजारातून बोंबील आनून भाजून दिले." त्याने तोंडावरून हात फिरवला. "खाल्लेन पन. माझ्याकडं बघत बघत खाल्लेन."

कीर्तीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. ते बघून दिपा उठली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. तासाभरापूर्वी ही तिघं एका घरातली माणसं होती, आणि आताही एकाच खोलीत होती.

"लाव परत," काशिराम म्हणाले.

"आजोबा, आवाज नाहीये त्याला."

"समजला मला. तू बघ नि बोल. मी ऐकतो."

मग कीर्तीने सांगायला सुरुवात केली. खाली, खुर्चीच्या पायाशी बसून. बाबा नाचतायत. कोणीतरी उंच माणूस आहे, दाढीवाला. बाबांनी त्याच्या गालाला हळद फासली. आता तुम्ही आलात, आजोबा, तुमची मिशी केवढी! तुम्ही बाबांचा हात धरून नाचवताय. म्हातारे हूं हूं करत होते. एकदा "बनेल फाटकं होतं त्याचं, पाठीवर" म्हणाले, आणि कीर्ती म्हणाली, "हो, आहे. फाटकं आहे." एकदा नुसतेच हसले. कॅमेरेवाल्याने ट्यूबलाइटीचं बराच वेळ चित्रण केलं होतं, मग जेवणाच्या पंक्ती, मग पुन्हा अंधार आणि मुंग्या. दिपा खिडकीतून मागे वळली नव्हती. पण काचेत टीव्ही दिसत होता.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली होती तेव्हा अंकुश थेट कॅमेऱ्याकडे चालत आला. चेहरा जवळ आला, पडदाभर झाला. कॅमेऱ्याच्या बाजूला कोणीतरी होतं. तो तिकडे वाकला, काहीतरी म्हणाला, चांगलं लांबलचक, मधे थांबून, भुवया उडवून, पुन्हा पुढं. कॅमेरा वळला. हातात हळदीचं ताट धरलेली, दोन वेण्या घातलेली, काळीसावळी मुलगी. अंकुशचा हात चित्रात आला आणि त्याने तिच्या नाकाला हळद लावली. मुलगी मान मागे टाकून हसली.

कीर्तीने थांबवलं.

"आत्या, ही तू."

भावनाने मान हलवली.

"तुझ्याशी बोलतायत ते. केवढं बोलतायत!" कीर्ती गुडघ्यांवरच वळली. त्या चेहऱ्यावर पुन्हा तेच आलं होतं, जे दार उघडताना होतं. "काय म्हणाले गं?"

दिपा खिडकीतून वळली. कल्पेशनेही मान वर केली. काशिरामांनी खुर्चीचे हात धरले आणि कान टीव्हीपासून काढून तिच्या दिशेला केला.

"काय म्हनला माझा पोर?"

"परत लाव," भावना म्हणाली.

कीर्तीने मागे नेलं. भावना पडद्याजवळ जाऊन बसली, अगदी जवळ, जिथून नुसते ठिपके दिसतात, मग जरा मागे सरली. दादाचे ओठ पहिल्यांदा मिटून उघडत होते. भ असेल, म असेल, प, ब. 'भावना' असेल. मग तोंड मोठं उघडं. मग दात दिसतात. मग पुन्हा मिटतात. बहुधा सात शब्द, किंवा आठ. तिने तीनदा बघितलं. ताट आठवत होतं, पितळेचं, कडेला पोचा पडलेलं. हळद नाकात जाऊन शिंक आली होती तेही आठवत होतं. त्या रात्री चप्पल हरवली होती. आईने त्यावरून काय काय ऐकवलं ते शब्दन् शब्द आठवत होतं. दादा काय म्हणाला त्या जागी काही नव्हतं. एखादा शब्द पुसट असावा असंही नव्हतं.

तिला काहीही सांगता आलं असतं. 'भावना, तू खूप शिक' म्हणाला असं सांगितलं असतं तर बाबा रडले असते आणि त्यांना बरं वाटलं असतं. 'मला मुलगी झाली तर तुझ्यासारखी हवी' म्हटलं असतं तर कीर्तीने ते वाक्य जन्मभर जपलं असतं, हळदीला, पुढं आपल्या पोरांना सांगितलं असतं. ओठांशी जुळतं का हे या घरात कोणी तपासलं नसतं. या घरात तिने सांगितलेलं कोणी कधीच तपासलं नव्हतं. शिकलेली होती ती.

"आत्या?"

"मला आठवत नाही," भावना म्हणाली.

"आठव ना. थोडंसं. एक शब्द."

"नाही आठवत, कीर्ती. खरंच नाही आठवत."

काशिरामांचा कान तसाच तिच्याकडे राहिला. आणखी काही येईल म्हणून ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी हळूच मान पुन्हा टीव्हीकडे वळवली.

कीर्तीने रिमोट उचलला आणि चित्र मागे नेलं. अंकुश कॅमेऱ्याकडे चालत आला, वाकला, भुवया उडवून बोलला. आणि दोन वेण्यांची ती मुलगी सगळं नीट ऐकून मान मागे टाकून हसली.